बर्डीवरचा कार्ड भरून देणारा

१८१७ ची सीताबर्डीची लढाई दोन दिवसांत आटोपली. डेटाची लढाई मात्र लांबली.

२०१६ च्या आधी एक जीबीला साधारण अडीचशे रुपये पडायचे. नेटवरून सिनेमा घ्यायची हिंमत कोणाची? बर्डीच्या गल्ल्यांत दुकानदाराला मेमरी कार्ड द्यायचं, तो कॉम्प्युटरला लावून गाणी, पिक्चर भरून द्यायचा. पायरसीच होती ती, पण आपलं यूट्यूब तेच!

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आधी डिसेंबरपर्यंत फुकट, मग मार्च २०१७ पर्यंत. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक. आता कार्ड भरायला कोण जाते बाप्पा? धंदा टेम्पर्ड ग्लास अन् कव्हरवर आला.

फुकट डेटा ही मेहेरबानी नव्हती, तो लढाईचा खर्च होता, असं माझं मत. २०१८ मध्ये एअरसेल बंद पडली, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. खासगी कंपन्या उरल्या तीन. जुलै २०२४ मध्ये तिघींनीही दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीवाला २८ दिवसांचा पॅक २३९ वरून २९९ वर गेला. अन् कार्डाकडे परत वळावं, तर कित्येक नव्या फोनमध्ये त्याची खाचच नाही.