त्वरकावरील गणना आणि चलांची ने-आण

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगरच्या सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम ज्याने पाहिला आहे, त्याला वाहतुकीचा हिशेब निराळा शिकवावयास नको. कारखान्यात गेलेला ऊस परत यावयाचा नसतो. गाडीवानाजवळ दिलेली चिठ्ठी आत वाचली गेली की तिचेही काम संपते. शेतकऱ्याकडे परत यावयाची ती वजनाची पावती. आता जे जे आत आले ते ते सर्व, त्या चिठ्ठीसुद्धा, पुन्हा शेतावर पोहोचवावे असा नियम कोणी केला तर तो वेडगळ ठरेल. तथापि संगणकाच्या अलीकडच्या इतिहासात अशाच नियमाला काही वर्षे मान्यता होती, आणि तीही सयुक्तिक कारणासाठी.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ साली झाली व १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. त्याच परंपरेतील ‘परम युवा-२’ फेब्रुवारी २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. त्याची कमाल गती ५०० टेराफ्लॉप्सहून अधिक होती, आणि तिचा मोठा भाग इंटेलच्या ‘झिऑन फाय’ या त्वरकांचा होता. त्वरक म्हणजे मुख्य प्रोसेसरच्या मदतीस जोडलेले, स्वतःची निराळी स्मृती असलेले गणनयंत्र. अशा एका त्वरकात ६० गाभे व ८ गिगाबाइट स्मृती होती. त्या स्मृतीचा वेग कागदोपत्री सेकंदास ३२० गिगाबाइट. परंतु मुख्य यंत्रापासून तिथवर जाणारी वाट एका दिशेस सेकंदाला ८ गिगाबाइटचीच. कारखाना मोठा आणि रस्ता अरुंद, अशी ही स्थिती होती.

प्रोग्रामचा कोणता भाग त्वरकाकडे पाठवावयाचा हे लिहिणारा सांगतो. त्या भागात उल्लेखिलेल्या चलांचे काय करावे, हे त्याने सांगितले नाही तर कंपायलरला काहीतरी गृहीत धरावे लागते. इंटेलच्या कंपायलरचे गृहीत असे होते, की अशी चले जाताना न्यावी व येताना परत आणावी. जुलै २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ओपनएमपी ४.०’ या प्रमाणानेही ‘टूफ्रॉम’ या नावाने हेच स्वीकारले. ह्यामागील हेतू स्वच्छ होता : गणना कोठेही होवो, उत्तर एकाच यंत्रावर आले असते तेच यावे.

ह्या सावधपणाची किंमत मात्र पडे. आठ बाइटांच्या संख्येला वेळ तो किती, असे वाचक म्हणेल; परंतु प्रत्येक स्वतंत्र ने-आणीची पूर्वतयारी माल कितीही थोडा असला तरी करावीच लागते. शिवाय खरी हानी आमच्या मते निराळीच होती. परत यावयाच्या चलाला त्वरकाच्या स्मृतीत सर्व धाग्यांना सामाईक असा पत्ता द्यावा लागतो. मग एखाद्या ॲरेत केलेले लेखन त्याच पत्त्यावर पडणार नाही, ह्याची खात्री कंपायलरला देता येत नाही. परिणामी आवर्तनांची मर्यादा सांगणारी साधी संख्याही रजिस्टरमध्ये ठेवून न देता पुनःपुन्हा स्मृतीतून वाचावी लागते.

हे चल परत हवे की नको, हे कंपायलरनेच का ठरवू नये? ‘ह्या ठिकाणानंतर ह्या चलाची किंमत कोणी वाचणार आहे काय?’ हा प्रश्न प्रवाह-विश्लेषणाच्या शास्त्रात जुनाच आहे. गॅरी किल्डॉल यांनी १९७३ साली अशा प्रश्नांना एकत्रित चौकट दिली. मुंबईच्या आयआयटीत धनंजय धामधेरे व उदय खेडकर यांनी ह्या शास्त्रात महत्त्वाची भर घातली. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा त्यावरील ग्रंथ २००९ मध्ये निघाला. हे शास्त्र एका फंक्शनच्या आत बिनचूक चालते. पण चलाचा पत्ता दुसऱ्या, स्वतंत्रपणे संकलित झालेल्या फाइलीत गेला, की सुरक्षिततेसाठी ‘होय, कोणीतरी वाचील’ हेच उत्तर द्यावे लागते. म्हणून नुसता कंपायलर सुधारून भागेना, नियमच बदलावा लागला.

नोव्हेंबर २०१५ च्या ‘ओपनएमपी ४.५’ ने तो बदलला. एकच संख्या धरणारी सुटी चले ह्यापुढे ‘फर्स्टप्रायव्हेट’ मानावयाची ठरली : किंमत सोबत जाईल, त्वरकावर चालणाऱ्या त्या भागाला आपली निराळी प्रत मिळेल, परत काही यावयाचे नाही. ॲरेंचा नियम होता तसाच राहिला. चिठ्ठी आता चिठ्ठीच राहिली, आणि कंपायलरला ती निःशंकपणे रजिस्टरमध्ये ठेवता येऊ लागली.

हा बदल योग्य होता असेच आम्हांस वाटते. पण तो निरुपद्रवी नव्हता. पूर्वी लिहिणाऱ्याने मौन पाळले तर काम सावकाश होई. आता उत्तरच चुकू लागले. त्वरकावर केलेली बेरीज ज्या चलात साठवावयाची ते चलही सुटेच असते. २०१५ च्या जीसीसी-५ वर बरोबर बेरीज देणारा प्रोग्राम, नवा नियम पाळणाऱ्या २०१६ च्या जीसीसी-६ वर, एक अक्षरही न बदलता, मूळचे शून्यच छापू शके. आणि तक्रारीची एक ओळही उमटत नसे. नोव्हेंबर २०१८ च्या ‘ओपनएमपी ५.० ’ ने ‘रिडक्शन’ म्हणून जाहीर केलेल्या बेरजेपुरती ही उणीव भरून काढली. पण ‘गणना स्थिरावली’ अशी खूण करणारे एखादे साधे चल त्वरकावर बदलले, तर त्याच्यासाठी ‘मॅप’ आजही हाताने लिहावे लागते.

‘झिऑन फाय’चे उत्पादन पुढे बंद झाले आणि २०२३ च्या जीसीसी-१३ मधून त्याचा आधारही काढण्यात आला. सी-डॅकच्या २०२० मधील ‘परम सिद्धी-एआय’ मध्ये एनव्हिडियाचे ए-१०० त्वरक आले. परम युवा-२ च्या काळातील प्रोग्राम जे आज नव्या यंत्रावर आणू पाहतात, त्यांना त्यातील प्रत्येक सुटे चल काढून ते त्वरकावर बदलले जाते काय, हे ओळीओळीने तपासावे लागते.