अनुपस्थित वादी आणि पुनः नंबरावर आलेला दावा

घरचें जुनें दप्तर लावीत असतां आम्हांस एका पुडक्यांत तीन कागद एकत्र शिवलेले आढळले. पहिला, आमच्या पणजोबांनीं शेताच्या ताब्याविषयीं केलेला दावा वादी गैरहजर म्हणून काढून टाकल्याच्या हुकुमाची नक्कल. साल १८९३, महिना श्रावण. दुसरा, दावा पुनः नंबरावर घ्यावा असा अर्ज. तिसरा, एका नावाड्याचें प्रतिज्ञापत्र. तारखेच्या आदल्या दिवसापासून नदीस पूर होता, नाव सुटली नाहीं, आणि वादी तिन्हीसांजेपर्यंत अलीकडच्या कांठावर बसून होता, असें तो सांगतो. अर्जाच्या पाठीवर शेरा आहे : प्रतिवादीचा खर्च देण्याच्या अटीवर अर्ज मंजूर.

असले कागद संग्राहक बहुधा बाजूस टाकतात. त्यांत राजाचा शिक्का नाहीं, लढाईची हकीकत नाहीं. तथापि हे तीन कागद वाचतांना जुन्या स्मृतिकारांचीं वचनें आठवलीं, म्हणून हें टिपण.

प्रथम कायदा पाहूं. सन १८५९ च्या आठव्या कायद्याच्या ११९ व्या कलमानें गैरहजर वादीस निकालापासून ३० दिवसांत अर्ज करण्याची मुभा दिली. १८८२ च्या चौदाव्या कायद्यांत हाच विषय १०२ व १०३ या कलमांत आला. पणजोबांचा अर्ज १०३ खालचा आहे. सध्यां चालू असलेल्या १९०८ च्या दिवाणी व्यवहारसंहितेंत नवव्या ऑर्डरीचे आठवा व नववा हे नियम तेंच सांगतात. दोन्ही पक्ष गैरहजर राहून दावा निघाला तर, मुदत असल्यास, वादीस नवा दावा आणतां येतो. परंतु प्रतिवादी हजर असून त्यानें मागणी नाकारली आणि वादी मात्र आला नाहीं, तर त्याच कारणावर नवा दावा चालत नाहीं. मग एकच दार उघडें राहतें : हजर न राहण्यास पुरेसें कारण होतें असें कोर्टाची खात्री होईल इतपत दाखवून जुनाच दावा उठविणें. अर्जाची नोटीस प्रतिवादीस द्यावी लागते, आणि खर्चाची अट कोर्ट घालूं शकतें. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यानेंहि या अर्जास ३० दिवसच ठेविले आहेत.

आतां शास्त्राकडे वळूं. नारदानें ‘हीन’ वादी पांच प्रकारचे सांगितले, त्यांत नोपस्थायी, म्हणजे हजर न राहणारा, आणि आहूतप्रपलायी, म्हणजे बोलावणें आल्यावर पळणारा, असे दोन आहेत. बृहस्पति पळणाऱ्यास तीन पक्षांची व मौन धरणाऱ्यास सात दिवसांची मर्यादा देतो. त्यापुढें तो हरला. याज्ञवल्क्य अशा पक्षकारास हीन व दंड्य असें दोन्ही म्हणतो. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत या दोन शब्दांचा विचार करतो. बोलण्यांत चूक झाली तर दंड होतो, पण मूळ अर्थ बुडत नाहीं, असें नारदाचें मत आहे. तो नियम पळणाऱ्यास लागूं नये म्हणूनच येथें ‘हीन’ हा शब्द घातला, असें त्याचें म्हणणें. सारांश, पळणाऱ्याचा दंडहि होतो व दावाहि जातो.

हें कठोर वाटेल. पण कात्यायन येथें थांबत नाहीं. त्याचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं; निबंधकारांनीं उद्धृत केलेलीं त्याचीं वचनें महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं १९३३ सालीं एकत्र करून छापिलीं. त्यांत असा आशय आहे कीं, नेमल्या वेळीं दैवाचा अथवा राजाचा अडथळा आला असतां केवळ वेळ चुकली एवढ्यानें पक्षकार पराजित होत नाहीं; मात्र तो अडथळा त्यानें साक्षीदारांनीं सिद्ध करावा, आणि कपट केल्यास दंड भरावा. पूर म्हणजे दैव. नावाडी म्हणजे साक्षी. आमच्या पुडक्यांतील तिसऱ्या कागदाचें काम कात्यायनानें आधींच नेमून ठेविलें होतें.

येथें एक भेद सांभाळला पाहिजे. न्यायानें हरूनहि ‘आपण हरलों नाहीं’ म्हणत पुनः आलेल्या वादीस जिंकून दुप्पट दंड करावा, असें याज्ञवल्क्य सांगतो. तो नियम ऐकून झालेल्या वादाचा आहे. ज्याचें ऐकलेंच नाहीं त्याची गोष्ट निराळी, हें कात्यायनाच्या वचनावरून स्पष्ट होतें.

मराठेशाहींत चौकशीपूर्वीं उभय वाद्यांकडून राजीनामे व जामीन घेत. त्यामुळें हजर राहणें व निवाड्याप्रमाणें वर्तणें ही एकट्या वादीची बाब राहत नसे, जामीनदारहि गुंतलेला असे. हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत, तेंहि वाद पुनः उकरूं नये म्हणूनच.

साम्य दिसलें म्हणून उगम एक, असें आम्ही म्हणत नाहीं. १८५९ चा कायदा इंग्रजांच्या पद्धतीवर झाला, स्मृतींवरून नव्हे. शिवाय शास्त्रांतील दंड राजास जाई. आजचा खर्च समोरच्या पक्षास मिळतो, कारण फुकट खेप त्याला पडलेली असते. परंतु गैरहजेरी आणि पराभव या दोन गोष्टी एक नव्हेत, हें तत्त्व दोन्हीकडे स्वतंत्रपणें सांपडतें, आणि दोन्हीकडे त्याची किल्ली पुराव्यांत आहे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, महजर व निवाडपत्रें जपतांना त्यांबरोबर शिवलेले हाजिरीचे कतबे, जामीनरोखे, उशिराच्या सबबींचे अर्ज सुटे करूं नयेत. निवाडा कोण जिंकला तें सांगतो. ते चिटोरे कोण ऐकला गेला तें सांगतात. आमच्या घरचें तें शेत राहिलें तें निवाड्यानें. परंतु निवाड्यापर्यंत दावा पोंचला तो नावाड्याच्या अंगठ्यामुळें.