कीड ‘लागते’, फरदड ‘घेतात’ : नांदेड-लातूरकडील कीड-निवारणाचा इतिहास

मराठवाड्याच्या बोलीत कपाशीवर मावा ‘पडतो’, बोंडाला कीड ‘लागते’. दोन्ही प्रयोगांत शेतकरी कर्ता नाही. संकट बाहेरून येते, असे गृहीत आहे. इतिहास या गृहीतास पुरता दुजोरा देत नाही.

निजामी अमलात, म्हणजे १९४८ पर्यंत, नांदेडची ख्याती गावरानी कापसाबद्दल होती. हे देशी, कोरडवाहू वाण तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडींना सहसा दाद देत नसे. शेंदरी बोंडअळी मात्र या देशाची जुनीच रहिवासी. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १८४३ मध्ये हिंदुस्थानातील नमुन्यांवरूनच झाले. वेचणी संपली की रानात गुरे सोडीत आणि पऱ्हाटी उपटून सरपणास नेत. यास कोणी कीड-निवारण म्हणत नसे. चुलीस जळण हवे असे, इतकेच. परंतु उरल्यासुरल्या बोंडांत दडणाऱ्या अळीचा आसरा त्याने नाहीसा होई.

१९७० मध्ये सुरतेहून संकरित-४ हा वाण आला. पुढे नांदेडच्याच संशोधन केंद्राने एनएचएच-४४ दिला. उत्पन्न वाढले, पण अमेरिकन जातीच्या या कपाशीबरोबर फवाऱ्याचा पंपही अपरिहार्य झाला. हिरवी बोंडअळी औषधांना जुमानेनाशी झाली, तेव्हा २००२ मध्ये बीटी कपाशीस आणि २००६ मध्ये तिच्या द्विजनुकीय प्रकारास मान्यता मिळाली. हिरव्या अळीवरील फवारण्या त्यामुळे खरोखरच घटल्या. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. शेंदरी अळीने मात्र दोन्ही विषे पचविली आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रभर हाहाकार उडविला.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी मिळे. ते कडेने पेरावे, म्हणजे विषाला न सरावलेल्या अळ्यांचा वंश टिकेल, अशी योजना होती. बहुतेकांनी ते पेरलेच नाही. शिवाय विहिरीस पाणी असले की पीक न काढता आणखी दोन वेचण्यांसाठी राखण्याची, म्हणजे फरदड घेण्याची, रीत फोफावली. अळीचा उपासाचा काळ त्यामुळे संपला. येथे क्रियापद बदलते, हे लक्षणीय होय : कीड लागते, पण फरदड शेतकरी ‘घेतो’.

लातुरात सोयाबीन आणि तुरीचे वर्चस्व असल्याने प्रश्नाचे रूप निराळे आहे. तेथे तुरीची झाडे हलवून शेंगा पोखरणाऱ्या अळ्या पोत्यावर पाडण्याची युक्ती कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही आहे. तिला मजूर लागतात, पण फळ ज्याचे त्याला मिळते. फरदडीचे तसे नाही. ती मोडणाऱ्याचा तोटा त्याच्या एकट्याचा, आणि लाभ शिवारभर वाटला जातो. शेजाऱ्याने ती राखली, तर तोही हाती लागत नाही.