तापाच्या पट्ट्या आणि मेलेला शिक्का

मागच्या महिन्यातली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, आणि नाशिकहून ताईचा फोन. दोन वर्षांच्या भाच्याला १०२ ताप. नेहमीच्या डॉक्टरांचा फोन लागत नव्हता. आई मागून ओरडून सांगत होती, "मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेव!" भाऊजींना एका साइटवर सापडलं होतं, थंड पाण्याने अंग पुसा. दुसरी साइट म्हणत होती, थंड पाणी अजिबात नको.

"अरे, दिवसभर कॉम्प्युटरवरच बसलेला असतोस ना? मग सांग, यातलं खरं कुठलं?"

आता मला सर्व्हर तापला तर कळतं, पोरगं तापलं तर काय कळणार! पण दहा मिनिटं शोधून एका पानावर विश्वास ठेवला आणि ताईला कळवलं. सकाळी डॉक्टरही तेच म्हणाले. भाचा दोन दिवसांत पुन्हा घरभर धिंगाणा घालायला लागला. माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत राहिला. इतक्या पानांमधून मी त्याच पानावर विश्वास का ठेवला? नुसतं नशीब? मग दोन वीकेंड वाचत बसलो. हा लेख म्हणजे त्याचंच फळ.

गंमत म्हणजे ताईचा प्रश्न, अगदी हाच, १९९७ साली तपासून झाला होता. इटलीतल्या काही संशोधकांनी 'मुलाला घरी ताप आला तर काय करावं' हे सांगणारी ४१ वेब पानं गोळा केली आणि वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहिली. सूचनांच्या जवळपास जाणारी पानं निघाली फक्त चार! पॅरासिटामॉलबद्दल बहुतेकांचं एकमत होतं. सगळ्यात जास्त गोंधळ होता तो ताप कसा मोजायचा आणि अंग पुसायचं कसं, यात. म्हणजे आमच्या घरातलं भांडण तेव्हाही सुरू होतं. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये हा अभ्यास छापून आला आणि वेबवरच्या आरोग्य-माहितीच्या दर्जाबद्दलच्या चर्चेत तो पुढे वारंवार येत राहिला.

मग चांगली माहिती तेव्हा नव्हतीच का? होती की. पण कुलपात होती. तिची गोष्ट बरीच जुनी आहे.

जॉन शॉ बिलिंग्ज हे अमेरिकन सैन्यातले डॉक्टर. १८६५ पासून वॉशिंग्टनमधल्या सर्जन जनरलच्या ग्रंथालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. जगभरातून वैद्यकीय नियतकालिकं येत होती, पण कोणत्या आजारावर कोणी कुठे काय लिहिलंय हे शोधायचं कसं? १८७९ साली त्यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्यासोबत 'इंडेक्स मेडिकस' सुरू केलं. नव्या वैद्यकीय लेखांची विषयवार मासिक सूची. थोडक्यात काय, तर कागदावरचं सर्च इंजिन. (आपल्या जातभाईंसाठी एक तळटीप: जनगणनेची मोजणी यंत्राने करता येईल, ही कल्पना हर्मन होलेरिथला सुचवणारे हेच बिलिंग्ज. होलेरिथची पंचकार्डं १८९० च्या जनगणनेत वापरली गेली आणि त्याच्या धंद्यातूनच पुढे आयबीएम उभी राहिली. असो.)

सूची फुगत गेली, हाताने सांभाळेना. १९६४ साली ती कॉम्प्युटरवर गेली. 'मेडलार्स' असं त्या यंत्रणेचं नाव. प्रश्न लिहून पाठवायचा, तो टेपवर चालवला जाणार आणि उत्तराचा कागद यायला काही आठवडे लागणार! १९७१ मध्ये 'मेडलाइन' आली, म्हणजे टर्मिनलवरून थेट शोध. तरी तो ग्रंथपाल आणि डॉक्टर लोकांचाच प्रांत होता, आणि वापराचे पैसे पडायचे. २६ जून १९९७ ला अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष अल गोर यांच्या हस्ते 'पबमेड' सगळ्या जगाला फुकट खुलं झालं. आज तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत.

वर्ष बघितलंत? १९९७. त्या ४१ पानांचं वर्ष. एकाच वर्षी कुलूपही उघडलं आणि बाहेर किती कचरा साचलाय हेही कळलं. आता चांगलं-वाईट एकाच स्क्रीनवर येणार होतं. ओळखायचं कसं?

एक उपाय म्हणजे शिक्का. १९९५ मध्ये जिनिव्हात 'हेल्थ ऑन द नेट' ही संस्था सुरू झाली. १९९६ मध्ये तिने आठ तत्त्वांची एक संहिता केली. साइटने ती पाळली की पानावर शिक्का लावायची परवानगी मिळायची. कल्पना छानच. पण ही तत्त्वं माहिती कशी मांडावी याबद्दलची होती. मजकूर बरोबर आहे याची हमी शिक्का देत नव्हता. वाचणाऱ्याला मात्र आयएसआय मार्कासारखंच वाटायचं. डिसेंबर २०२२ मध्ये ही सेवा बंद झाली. म्हणजे आज एखाद्या जुन्या पानावर तो शिक्का दिसला, तर त्याच्यामागे तपासणारं कोणी उरलेलं नाही. एक्स्पायर झालेलं सर्टिफिकेट बघून ब्राउझर निदान बोंब तरी मारतो. शिक्क्याचं चित्र गप्प बसतं.

दुसरा उपाय साधा होता. 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाने १९९७ मध्येच (पुन्हा तेच वर्ष!) संपादकीयात चार गोष्टी तपासायला सांगितल्या. लिहिलंय कोणी? कशाच्या आधारावर? साइट कोणाची, पैसा कोणाचा? आणि तारीख काय? यासाठी ना संस्था लागते, ना फी. मराठी पानालाही हे प्रश्न तसेच लागू पडतात.

यातला तारखेचा प्रश्न आपण सगळ्यात कमी विचारतो. एके काळी कोमट पाण्याने अंग पुसायचा सल्ला डॉक्टरही सर्रास देत. २००७ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने सूचना काढल्या, त्यात तापासाठी ओल्या कपड्याने अंग पुसणं नको असं स्पष्ट म्हटलं. म्हणजे प्रामाणिक डॉक्टरने लिहिलेलं जुनं पानही आज चुकीचं असू शकतं. तो खोटं बोलत नव्हता. पान अपडेट झालं नाही, एवढंच.

"मोठ्या जर्नलमध्ये आलंय" हेही पुरत नाही. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'ने अँड्र्यू वेकफील्ड यांचा फक्त १२ मुलांवरचा निबंध छापला आणि गोवरच्या लसीने ऑटिझम होतो अशी भीती जगभर पसरली. निबंध मागे घेतला गेला थेट २०१०मध्ये. आज पबमेडवर त्या नोंदीवरच 'मागे घेतलेला' असं स्पष्ट दिसतं. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या मेसेजला मात्र असं काही चिकटत नाही. चूक दोन्हीकडे होते. फरक इतकाच, की एका ठिकाणी ती दुरुस्त होते आणि दुरुस्ती दिसते.

त्या रात्री मी नेमकं हेच बघितलं होतं, नकळत. ज्या पानावर भरवसा ठेवला, त्यावर संस्थेचं नाव होतं, शेवटच्या बदलाची तारीख होती आणि शंभर टक्के गॅरंटीचा काढा विकायला नव्हता.

परवा ताईला हे चार प्रश्न पाठवले. तिचं उत्तर आलं, "बरं. पण आईला कोण सांगणार, पट्ट्या नकोत म्हणून?"

त्यावर अजून संशोधन झालेलं नाही.