द्राक्षारस, जीवनजल आणि मठांचे माप

मद्य हा शब्द उच्चारताच सज्जनांच्या कपाळावर आठी उमटते आणि तशी ती उमटण्यास सबळ कारणेही आहेत. दारूपायी देशोधडीला लागलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या विषयाचे कौतुक कसे वाटावे? तरीही ज्या ख्रिस्तसभेच्या वेदीवर दररोज द्राक्षारसाचा चषक उचलला जातो, तिच्या इतिहासाकडे पाहताना हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. युरोपातील पांढरा द्राक्षारस आणि व्हिस्की यांच्या प्रादेशिक परंपरांचा मागोवा घेऊ लागलो की वाट पुन्हा पुन्हा एखाद्या मठाच्या दारात येऊन थांबते. ती तेथेच का थांबते आणि त्या मठांनी पेयाबरोबर आणखी काय जपले होते, हे पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या चाळिसाव्या प्रकरणाचा विषयच मुळी पेयाचे माप हा आहे. व्रतस्थांनी द्राक्षारस घेऊच नये हे उत्तम, परंतु आजच्या मठवासीयांना ते पटवणे कठीण, तेव्हा निदान तृप्तीची सीमा ओलांडू नये, अशा आशयाचा व्यवहारी विचार त्यांनी तेथे मांडला आहे. प्रत्येकाला दिवसाकाठी एक हेमिना, म्हणजे एका लहानशा भांड्याएवढा द्राक्षारस पुरेसा, असे त्यांनी ठरवून दिले. जो वर्ज्य करील त्याला देव त्याचे फळ देईल, असेही त्यांनी सांगितले. पाश्चात्त्य मठजीवनाचा पाया ज्या ग्रंथावर उभा आहे, त्यात मद्याला बंदी नाही आणि मोकळीकही नाही. त्यात माप आहे.

या मठांना द्राक्षमळे हवेच होते. मिस्साबलिदानासाठी द्राक्षारस लागे, पाहुण्यांचा सत्कार करावा लागे, आजाऱ्यांची शुश्रूषा असे. तांबडा व पांढरा असे दोन्ही द्राक्षारस वेदीवर चालतात. पांढऱ्याचे डाग वेदीवरील वस्त्रांवर राहत नाहीत, म्हणून पुढे पुष्कळ ठिकाणी त्यालाच पसंती मिळाली. शिवाय द्राक्षवेल लावल्यानंतर तिच्यापासून नीट पीक मिळण्यास तीन-चार वर्षे जातात आणि कोणत्या उतारावरचा रस कसा उतरतो हे कळण्यास एक आयुष्य पुरत नाही. कुटुंबाची जमीन वाटण्यांत तुटते. मठाची जमीन पिढ्यानपिढ्या एकसंध राहते आणि तिच्या नोंदीही राहतात. प्रादेशिक शैली म्हणून आज जिचे गोडवे गायले जातात, तिचे मूळ या स्थैर्यात आहे.

फ्रान्समधील शाब्ली हे त्याचे एक बोलके उदाहरण. नॉर्मन चाचांच्या स्वाऱ्यांमुळे परागंदा झालेल्या संत मार्टिनच्या तूर येथील धर्मबंधूंना राजा दुसरा चार्ल्स याने इ. स. ८६७ मध्ये तेथला मठ दिला. पुढे १११४ मध्ये स्थापन झालेल्या पोंतिन्यी येथील सिस्टर्शियन मठाने बाराव्या शतकात त्या परिसरात द्राक्षमळे फुलवले. शाब्लीच्या चुनखडीच्या मातीत अतिप्राचीन समुद्रातील इवल्याशा कालवांचे अवशेष सापडतात. तेथल्या थंड हवेत शार्दोने जातीच्या द्राक्षाचा रस तडक, आंबटसर व निर्मळ उतरतो. याच बर्गंडी प्रांतात, थोड्या दक्षिणेला, मरसो गावाच्या आसपास तेच द्राक्ष ओकच्या पिंपात मुरवले की रसाला लोण्याचा व भाजलेल्या बदामाचा भास देणारी भरदार चव येते. द्राक्ष एकच, भूमी व रीत वेगळी, म्हणून चवही वेगळी.

जर्मनीतील राइन नदीकाठीही हाच क्रम दिसतो. संत बर्नार्ड यांच्या पुढाकाराने ११३६ मध्ये स्थापन झालेल्या एबरबाख मठातून द्राक्षारसाची पिंपे नदीमार्गाने कलोनच्या बाजारात जात. जवळच्या योहानिसबर्ग येथील मळे अठराव्या शतकात फुल्डाच्या राजमठाधिपतींच्या मालकीचे होते आणि १७२० मध्ये तेथे रीसलिंग जातीच्या वेलींची मोठी लागवड झाली. द्राक्षे तोडण्याची परवानगी फुल्डाहून यावी लागे. १७७५ मध्ये ती घेऊन येणारा स्वार फार उशिरा पोहोचला, तोवर द्राक्षे वेलीवरच सुकू व बुरसू लागली होती, आणि त्यांतून निघालेला रस अपूर्व गोड निघाला, अशी कथा तेथे सांगतात. उशिरा तोडणीच्या द्राक्षारसाची परंपरा त्या वर्षापासून मोजतात. आज्ञेवाचून द्राक्षालाही हात न लावण्याची ही शिस्त आम्हांला गोडीहून अधिक लक्षणीय वाटते.

शॅम्पेन प्रांतातील ओव्हिलेर मठाचे कोठारप्रमुख दों पेरिन्यों यांचे नाव सर्वतोमुखी आहे. फेसाळ द्राक्षारसाचा शोध त्यांनी लावला हे मात्र खरे नव्हे. फेस हा त्या काळी दोष मानला जाई व तो टाळण्याचाच त्यांचा प्रयत्न असे. १६६८ पासून १७१५ मध्ये देह ठेवीपर्यंत त्यांनी निरनिराळ्या मळ्यांतील द्राक्षांचा विचारपूर्वक मेळ घालण्याची कला वाढवली. काळ्या द्राक्षांपासून स्वच्छ पांढरा रस काढण्यातही त्यांचा हातखंडा होता.

द्राक्षवेल जेथे तग धरत नाही, त्या उत्तरेकडील प्रदेशांत धान्यावर भागवावे लागले. ऊर्ध्वपातनाची विद्या अरब किमयागारांकडून युरोपच्या विद्यापीठांत व मठांत आली आणि तेथे प्रथम औषधासाठी वापरली गेली. तिच्यातून निघालेल्या द्रवाला लॅटिनमध्ये ‘आक्वा व्हिटे’, म्हणजे जीवनजल म्हणत. गेलिक भाषेत त्याचेच ‘उश्के बाहा’ झाले आणि त्या शब्दाचा अपभ्रंश म्हणजे व्हिस्की. स्कॉटलंडच्या राजकोशाच्या हिशेबात १४९४ मध्ये जॉन कॉर नावाच्या धर्मबंधूला जीवनजल बनवण्यासाठी आठ ‘बोल’ मोड आलेले सातू दिल्याची नोंद आहे. स्कॉच व्हिस्कीचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो आणि त्यात नाव आहे ते एका व्रतस्थाचे.

पुढे तिच्याही प्रादेशिक रीती ठरत गेल्या. आयला बेटावर सातू वाळवताना पीट, म्हणजे दलदलीत शतकानुशतके कुजून घट्ट झालेली वनस्पतींची माती जाळतात. तिचा धूर त्या व्हिस्कीच्या थेंबाथेंबात उतरतो. स्पे नदीच्या खोऱ्यातील व्हिस्की बहुधा सौम्य व फळांच्या गंधाची असते. आयर्लंडमध्ये तीनदा ऊर्ध्वपातन करण्याची पद्धत रूढ झाली, आणि १७८५ मध्ये मोड आलेल्या सातूवर कर बसल्यामुळे त्यात मोड न आलेले सातू मिसळण्याची रीत वाढली. कराच्या ओझ्यातूनही एक चव जन्माला आली! दोन्ही देशांत आज कायद्यानेच व्हिस्की निदान तीन वर्षे लाकडी पिंपात मुरवावी लागते.

परंतु जीवनजलाची दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. क्लॉनमॅक्नॉइझ मठाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयरिश बखरीत १४०५ च्या नाताळात रिचर्ड मॅकरॅनल नावाचा सरदार अतिमद्यपानाने मेल्याची नोंद आहे, आणि त्याच्यासाठी ते जीवनजल नव्हे तर मृत्युजल ठरले, अशी टिपणीही तीत आहे. तेव्हा मठ होते म्हणून सर्वांना मापाचे भान होते, असे म्हणण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. माप सांगणारे कोणीतरी होते, एवढेच.

ते सांगणारेही पुढे पांगले. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३६ पासून मठ बरखास्त केले. स्कॉटलंडमध्ये १५६० च्या धर्मसुधारणेनंतर मठजीवन संपले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांचे मळे राष्ट्राच्या मालमत्तेत जमा होऊन विकले गेले आणि १८०३ मध्ये एबरबाखचेही धर्मबंधू बाहेर पडले. मळे, भट्ट्या, पिंपे, कृती सारे मागे राहिले व नव्या मालकांनी ते भरभराटीलाही आणले. मागे राहिले नाही ते चाळिसावे प्रकरण. विकणाऱ्याला माप हवे ते बाटलीचे. पिणाऱ्याचे माप त्याच्या हिशेबात बसत नाही.

म्हणूनच आयर्लंडमध्ये हे काम पुन्हा एका व्रतस्थाला अंगावर घ्यावे लागले. कापुचिन धर्मगुरू थिओबाल्ड मॅथ्यू यांनी १८३८ मध्ये कॉर्क शहरात संपूर्ण मद्यत्यागाच्या शपथेची चळवळ सुरू केली आणि काही वर्षांतच लाखो लोकांनी ती शपथ घेतली. १८५६ मध्ये ते निवर्तले, त्याच वर्षी डब्लिनच्या एका गरीब घरात मॅट टॅलबट जन्मला. बाराव्या वर्षी तो एका मद्यव्यापाऱ्याकडे कामाला लागला, पुढे बंदरातील व्हिस्कीच्या गोदामात गेला आणि पुरता व्यसनाधीन झाला. १८८४ मध्ये त्याने शपथ घेतली व १९२५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, एकेचाळीस वर्षे, ती पाळली. रोजची मिस्सा आणि मजुरी यांत त्याचे उर्वरित आयुष्य गेले. पोप सहावे पॉल यांनी १९७५ मध्ये त्याला ‘पूजनीय’ घोषित केले.

आज आपल्या नाशिक जिल्ह्यातही शेनिन ब्लां व सोव्हिन्यों ब्लां या फ्रेंच जातींच्या द्राक्षांपासून पांढरा द्राक्षारस तयार होतो आणि आपल्या लग्नसमारंभांत बाटल्यांची नावे कौतुकाने घेतली जातात. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला, हा दाखला अशा वेळी आपल्या ओठांवर तयारच असतो. तो खराच आहे. मात्र तो देणाऱ्याने संत बेनेडिक्ट यांचे ते लहानसे भांडेही पंक्तीत मांडावे, आणि ज्याच्या हाती तेवढेही माप टिकत नाही त्याच्या शेजारी मॅट टॅलबटसाठी जागा राखावी. दोघेही एकाच ख्रिस्तसभेचे आहेत. एकाला मानून दुसऱ्याला विसरण्याची सवलत आपल्याला नाही.