हातात काय आलं?

खान्देशात कुठल्याही खरेदीनंतर घरातलं मोठं माणूस विचारतं, ‘पैसा दिधा, हातमा काय उनं?’ सोनं तोलून हातात पडतं, कापूस काट्यावर मोजला जातो. असा रोकडा व्यवहार बघत वाढलेल्या माणसाला, पोराने पाच हजार भरून गेम नुसता ‘डाउनलोड’ केला, ही फसवणूकच वाटणार. धुळ्या-जळगावच्या शिकल्या-सवरल्या घरांतही मी हेच ऐकतो: कन्सोल पोरं बिघडवतो, गेमचे पैसे म्हणजे हवेचे पैसे, आणि मोबाइलवर फुकट मिळत असताना विकत घेणं हा वेडेपणा. या पूर्वपक्षात एक खरी तक्रार आहे, पण ती भलत्याच जागी येऊन पडली आहे.

हातात येणाऱ्या वस्तूवरचा हा विश्वास आमच्या पिढीत कॅसेटने पक्का केला. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम अडला की कॅसेट काढायची, तिच्या पट्टीवर फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची, की मारिओ सुरू. वर ‘9999 इन 1’ छापलेलं असे. आत मोजके खेळ, तेच नावं बदलून फिरून येणारे. त्यातली बहुतेक यंत्रं म्हणजे निन्टेंडोने 1983 साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. वस्तू हातात आली, पण मारिओ ज्यांनी रचला त्यांच्याकडे आमचा एक पैसाही गेला नाही. आम्ही प्लास्टिकची किंमत दिली. खेळालाही किंमत असते हे शिकायचं राहूनच गेलं.

ती किंमत कोण मोजतं हे बघायला पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ रचला. 2017 मध्ये लोकांकडून पैसा उभा करायची मोहीम फसली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ऑगस्ट 2020 मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला. भावाला शोधत निघालेली राजी, तिच्या हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ, मधली कथा छायाबाहुल्यांतून. यामागे माणसांची वर्षं गेली आहेत. ते विकत घेणं म्हणजे हवेला पैसे देणं असेल, तर तमाशाच्या तंबूचं तिकीटही हवेचंच. तिथूनही आपण रिकाम्या हातांनीच घरी येतो.

आणि फुकटाचं म्हणाल तर, ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. तिकीट कोणी काढलं नाही, पण जाहिरातीने आपला वेळ घेतलाच. गाण्यात ते निभतं. मोबाइलवरचे कित्येक फुकट गेम मात्र मुळात असेच रचलेले असतात की पोर अडावं, तिष्ठत बसावं आणि पुढे जायला थोडे थोडे पैसे टाकत राहावं. एकरकमी विकतचा खेळ आपली किंमत आधी सांगतो. कन्सोलवरही पैसे उकळणारे खेळ शिरले आहेत. टाळायचे तर ते टाळावेत. ‘गेममध्ये पैसे गेले’ म्हणून ज्या बातम्या येत, त्या बहुधा रमीसारख्या ॲपच्या असत. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना त्यातून वेगळं ठेवलं. हा फरक घरातही करायला हवा.

आता खरी तक्रार. युबिसॉफ्टचा 2014 चा ‘द क्रू’ हा गाड्यांचा खेळ 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद होताच संपला. ज्यांच्या घरी डिस्क होती त्यांचाही. म्हणजे हातात वस्तू असूनही हाती काही राहिलं नाही! इथे दोष पैसे घेण्यात नाही, ‘विकत’ या शब्दात आहे. जळगावच्या व. वा. वाचनालयात आपण वर्गणी भरतो, पुस्तक आणतो, परत करतो. फसवलं असं कोणी म्हणत नाही, कारण ते पुस्तक आपलं झालं असंही तिथे कोणी सांगत नाही. कॅलिफोर्नियाने 2024 मध्ये कायदाच केला की, देताय तो फक्त वापराचा परवाना असेल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा. भांडायचं तर आपणही यासाठी भांडावं.

प्लेस्टेशन 5 भारतात 2 फेब्रुवारी 2021 ला आला तेव्हा डिस्कवाल्याची जाहीर किंमत 49,990 रुपये होती आणि बिनडिस्कच्याची 39,990. दहा हजारांच्या या फरकात उसनं देण्या-घेण्याचा आणि जुना खेळ विकण्याचा हक्क बसलेला असतो, हे दुकानात कोणी समजावून सांगत नाही. धुळ्यातल्या माझ्या ओळखीच्या एका घरात बिनडिस्कचं यंत्र आलं. शेजारच्या मुलाने खेळून झालेली डिस्क मोठ्या हौसेने आणून दिली. घरातल्या पोराने यंत्र चहूबाजूंनी फिरवून फट शोधली, मग डिस्क शर्टाला पुसली आणि परत डबीत ठेवून दिली.