डेक्कन कॉलेज आणि कॉलेजांचीं दप्तरें

विद्यालयाचें वय त्याच्या इमारतीवरून ठरविण्याची आपल्याकडे रीत आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजास ती लावली तर हिशेब चुकतो. येरवड्याच्या इमारतींत कॉलेज 1868 सालीं गेलें. परंतु संस्थेचा आरंभ 6 ऑक्टोबर 1821 रोजीं विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळेच्या रूपानें झाला. पेशवाईंत विद्वान् ब्राह्मणांस वांटली जाणारी जी दक्षिणा, तिच्याच रकमेंतून तिचा खर्च निघे. 1851 सालीं पाठशाळा व इंग्रजी शाळा एकत्र होऊन पूना कॉलेज बनलें, आणि 1864 सालीं त्यास डेक्कन कॉलेज हें नांव पडलें. नांव पालटलें, जागा पालटली, शिकविण्याचा विषयहि पालटला. तरीहि ही एकच संस्था आहे असें आपण म्हणतों तें केवळ कागदांच्या आधारावर.

हा आधार किती मोलाचा असतो तें पुढें दिसून आलें. 1934 सालीं सरकारनें कॉलेज बंद केलें. जेथें टिळक-आगरकर शिकले व रा. गो. भांडारकरांनीं शिकविलें, तें स्थान ओस पडल्याची हळहळ पुष्कळांस वाटली. पण माजी विद्यार्थी हळहळून थांबले नाहींत, त्यांनीं न्यायासनापुढें दाद मागितली. येरवड्याच्या इमारतीस सर जमशेटजी जिजीभाई यांची देणगी लाभली होती. देणगी कोणत्या हेतूनें दिली, घेणारानें कोणतें बंधन पत्करिलें, हें अशा वादांत भाषणांनीं सिद्ध होत नाहीं. त्यास पत्रें आणि ठराव लागतात. 17 ऑगस्ट 1939 रोजीं कॉलेज पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलें.

याच कॉलेजाच्या इतिहासांत कागद कसे राखावे याचा उत्तम धडाहि आहे. मुंबई सरकारनें संस्कृत हस्तलिखितांचा जो संग्रह ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर प्रभृतींकडून करविला, त्यांतील प्रत्येक पोथीस ती मिळाल्याचें वर्ष आणि त्या वर्षाचा क्रमांक दिलेला असे. 1918 सालीं हा संग्रह भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे गेला, तरी जुने क्रमांक सुटले नाहींत. आजहि अभ्यासक अमुक सालचा अमुक क्रमांक असाच उल्लेख करतात, आणि पोथी कोणत्या खेपेस संग्रहांत आली हें त्यावरून कळतें. पोथीस जो मान मिळाला तो कचेरीच्या वहीस कोणी देत नाहीं! एका जुन्या कॉलेजांत प्रवेशाच्या वह्या रद्दीच्या गाड्यावर चढतांना मीं स्वतः पाहिल्या आहेत. विचारलें तेव्हां, जागा हवी होती, एवढेंच उत्तर मिळालें.

सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे वर्ग पाडतात. 'अ' वर्गाचे कायम ठेवावयाचे, 'ड' वर्गाचे वर्षभरानें नष्ट करावयाचे. व्यवस्था चांगली आहे. परंतु ती कचेरीच्या गरजेनें आंखलेली आहे. ठराव, दानपत्रें, नियामक मंडळाचीं इतिवृत्तें राहतात. फी माफ करावी म्हणून केलेले अर्ज, वसतिगृहाच्या भोजनखर्चाचे हिशेब, ग्रंथालयांतून कोणतें पुस्तक किती वेळां बाहेर गेलें याची वही, हें सारें क्षुल्लक म्हणून जातें. आणि कोणत्या गांवचा, कोणत्या परिस्थितींतला मुलगा कॉलेजांत आला व तेथें काय वाचीत बसला, हें सांगणारें दुसरें साधन सहसा नसतें. सर्वच ठेवणें शक्य नाहीं हें मला मान्य आहे. निदान नष्ट करण्यापूर्वीं इतिहासाच्या एका अध्यापकानें तें पाहावें.

जे राहतील त्यांचे गठ्ठे मात्र विषयवारीच्या हौसेनें फोडूं नयेत. ज्या टेबलावर ते जमले त्याच क्रमानें बांधून वर यादी लावावी. वाळवी आणि ओल यांपासून दूर, भिंतीस न टेंकलेल्या मांडणीवर ठेवावे. विभागांच्या कागदांची अडचण निराळीच. ते प्रमुखाच्या कपाटांत असतात, आणि तो निवृत्त झाला कीं कांहीं त्याच्याबरोबर घरीं जातात, कांहीं कुलुपांत राहतात. नवा प्रमुख येतो, किल्ली सांपडत नाहीं, आणि कपाट उचलून जिन्याखालीं नेऊन ठेवतात.